‘रिपोर्ट आले, चौथी स्टेज आहे’ : समोरचा असं सांगतो तेव्हा काय बोलायचं, काय करायचं

फोन बहुतेक संध्याकाळी येतो. दिवस हॉस्पिटलात गेलेला असतो. घरी येऊन अंघोळ उरकून माणूस एकेकाला फोन लावायला बसतो. "अरे, बायोप्सीचा रिपोर्ट आला. पॅन्क्रियाजचा आहे. लिव्हरमध्येही गेलाय." पलीकडे आपण असतो. पुढच्या दोन मिनिटांत आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात राहतं, आणि त्याच दोन मिनिटांची आपली काही तयारी नसते. दहाव्या-तेराव्याला गेल्यावर काय बोलायचं हे आपण मोठ्यांचं बघून शिकतो. पण माणूस समोर बसलेला आहे, त्याला स्वतःला सगळं माहीत आहे, अशा वेळी काय बोलायचं हे कुणी शिकवत नाही.

मी कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांबरोबर काम करते, म्हणून इथली उदाहरणं जास्त करून कॅन्सरची आहेत. मोटर न्यूरॉनचा आजार, हृदय किंवा लिव्हर पार थकलेलं असणं, फुफ्फुसांचा फायब्रोसिस, यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधीच सांगते. सांगणाऱ्याला तुमच्याकडून उपाय नको असतो, तो डॉक्टरांना विचारून आलेला असतो. हे कळल्यावर तुम्ही त्याच्याशी पूर्वीसारखं बोलाल की नाही, याचा तो अंदाज घेत असतो.

१. पहिली दोन मिनिटं

"बाप रे", "काय सांगतोस!", "अरे देवा" असं काही तोंडून निघालं तर निघू द्या. त्यात काही चुकीचं नाही. घोटाळा होतो त्याच्या पुढच्या वाक्यात. घाबरून आपण लगेच म्हणतो, "काही होत नाही रे, हल्ली सगळ्यावर औषधं निघालीत." ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की याला हा विषय नकोय. तो "हो ना" म्हणतो आणि फोन ठेवतो.

मित्र असेल तर सरळ सांगा, "मला काय बोलावं सुचत नाहीये. पण फोन ठेवू नकोस, बोल." काका-मामा असतील, ऑफिसातले वरिष्ठ असतील तर, "ऐकून फार वाईट वाटलं. तुम्ही आत्ता घरी आहात का? सोबत कोण आहे?" एवढं पुरतं. मग गप्प बसा. फोनवरची दहा सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, पण ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. बहुतेक वेळा तोच पुढे बोलतो, आणि खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

रडू आलं तर? येऊ द्या. फक्त "अगं, रडू नकोस, होईल काहीतरी" असं म्हणत त्यालाच तुमची समजूत काढावी लागली, तर गाडी उलट्या दिशेला गेली. अशा वेळी "मला दोन मिनिटं दे, मी परत करते" म्हणा आणि खरंच परत करा. न आलेला तो दुसरा फोन माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

बातमी व्हॉट्सअॅपवर आली असेल तर नुसते जोडलेले हात पाठवून सुटका करून घेऊ नका. "वाचलं. आत्ता फोन करू का, की नको? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, रात्री नऊला मी एकदा करीन." नऊला करा.

२. मग दोन प्रश्न

"हे अजून कुणाकुणाला माहीत आहे?" आणि "मी कुणाला सांगितलेलं चालेल?" हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. आपल्याकडे बातमी ठाण्याहून सांगलीला पोचायला फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज पुरतो. इकडे मुलीचं लग्न ठरत असतं, म्हाताऱ्या आईला सांगितलेलं नसतं, ऑफिसात अजून कळवायचं असतं. स्वतःच्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगायचं असेल तरी विचारून घ्या.

आजाराबद्दल विचारताना दार उघडं ठेवा, आत घुसू नका. "डॉक्टर काय म्हणाले, सांगावंसं वाटतंय का?" तो सांगेल तेवढं ऐका. आपण सरसकट "लास्ट स्टेज" म्हणतो, पण चौथी स्टेज म्हणजे आजार दुसऱ्या अवयवात पसरला आहे. त्यात फरक फार. हॉर्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर, रोजच्या गोळीला दाद देणारे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे काही प्रकार, अशी चौथ्या स्टेजची माणसं वर्षानुवर्षं कामावर जाताना दिसतात. पॅन्क्रियाजचं गणित बहुतेकदा महिन्यांचं असतं. ते तुम्ही गूगलवर काढून त्याला ऐकवायचं नाही.

"डॉक्टर सहा महिने म्हणाले" असं त्यानं सांगितलं, तर "डॉक्टरांना काय कळतंय" असं म्हणू नका, आणि मनातल्या मनात तारीखही मोजू नका. शिकागोतल्या हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या काळात त्रास कमी करणारी सेवा घेणाऱ्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. डॉक्टरांच्या पाच अंदाजांपैकी साधारण एकच बरोबर निघाला, आणि चुकलेले बरेचसे अंदाज गरजेपेक्षा आशावादी होते. म्हणून महत्त्वाचं बोलणं "नंतर बघू" म्हणून ढकलू नये. "सहा महिने ऐकून तुला काय वाटलं?" हा प्रश्न इथे जास्त कामाचा.

३. तोंडावर येणारी वाक्यं, जी गिळायची

"पॉझिटिव्ह राहा." "तू फायटर आहेस." हेतू चांगला असतो, पण ज्या दिवशी उलट्यांनी जीव नकोसा झालेला असतो त्या दिवशी तो फायटर तुम्हाला फोन करू शकत नाही. तुम्ही त्याच्यावर भूमिका लादलेली असते.

"माझ्या आतेभावाच्या सासऱ्यांना सेम हेच झालं होतं." या गोष्टीचे शेवट दोनच. एक तर सासरे गेले, नाहीतर चमत्कार झाला. दोन्हींचा समोरच्याला काही उपयोग नाही.

"तंबाखू खायचास ना?" "इतके दिवस अंगावर का काढलंस?" तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला तर हे दर भेटीत ऐकावं लागतं. हा हिशोब त्यानं रात्री जागून कितीदा मांडलाय याची आपल्याला कल्पना नसते.

"देवाची इच्छा", "मागच्या जन्मीचे भोग." तो स्वतः वारकरी असेल आणि आपणहून म्हणाला, "पांडुरंगाच्या मनात असेल ते", तर "हो" म्हणा, त्याच्याबरोबर हात जोडा. ते वाक्य त्याचं आहे. आपण त्याच्या हातात ठेवायचं नाही.

"किती खराब झालास रे!" हे तर आपल्याकडे दारातच म्हणायची पद्धत आहे. "तब्येत छान दिसतेय" हेही तितकंच फसवं, कारण घरात आरसा आहे. "तुला बघून बरं वाटलं" हे खरंही असतं आणि चालतंही.

आणि तो विनोद करेल तेव्हा हसा. डायबिटीसमुळे वर्षानुवर्षं गोड बंद असलेला माणूस म्हणतो, "चला, आता श्रीखंडाला कोण अडवतंय!" तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं की तो एकटा पडतो.

४. घरच्यांनी लपवलं असेल तर

हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की याची तयारी करूनच जा. तुम्ही दारात चपला काढत असता आणि मुलगा कानाशी येऊन सांगतो, "बाबांना काही माहीत नाही हं. अल्सर आहे म्हणून सांगितलंय." आत बाबा पलंगावर. ज्या इमारतीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात कॅन्सर लिहिलंय तिथे ते गेले चार महिने जातायत. शेजारच्या खुर्चीवर केमो घेणाऱ्यांशी त्यांची ओळख झालीय. बऱ्याच घरांत दोन्ही बाजूंना सगळं माहीत असतं आणि दोघं एकमेकांसमोर अल्सरचं नाटक करत असतात.

पाहुण्यानं हे नाटक मोडायचं नाही. पण त्यात आपल्याकडून नवे संवादही घालायचे नाहीत. "अल्सर काय, दोन महिन्यांत पळेल" असं कशाला म्हणायचं? आजाराचं नाव न घेता भरपूर बोलता येतं.

अवघड होतं ते मुलगा औषध आणायला खाली जातो तेव्हा. बाबा विचारतात, "तू तरी खरं सांग, मला काय झालंय?" लगेच उत्तर देऊ नका, उडवूनही लावू नका. "तुम्हाला काय वाटतंय, बाबा?" असं विचारा. ते सांगतील. मग विचारा, "तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय का? मग मी मुलाशी बोलू का, की डॉक्टरांनी तुमच्याशी थेट बोलावं?" जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी मुलापर्यंत पोचवा, "बाबांनी मला विचारलं" अशा साध्या शब्दांत.

मुलाला दोष देऊ नका. बाबा धसका घेतील, जेवण सोडतील, ही भीती खरी असते. त्याला एवढंच सुचवा की पुढच्या वेळी डॉक्टरांनाच बाबांना विचारू दे, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे?" काही जण म्हणतात, "सगळं माझ्या मुलाला सांगा, मला नको." तोही त्यांचा हक्क. पण विचारल्याशिवाय तो कळणार कसा? सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की उपचाराला संमती देणाऱ्या सज्ञान रुग्णाला त्या उपचाराची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. 'अल्सर'वर केमो घेणाऱ्या माणसाच्या सहीचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांनाही छळतो.

लपवण्याची किंमत नंतर कळते. लॉकरची किल्ली कुठे हे विचारायचं राहतं, सात-बाऱ्यावरचा भावांचा घोळ तसाच राहतो, आणि पंधरा वर्षं अबोला धरलेल्या बहिणीला बोलवून घेतलं जात नाही.

५. भेटायला जाणं

आधी फोन. तोही रुग्णाला न करता जो सेवा करतोय त्याला. "उद्या पाचला येऊ का? वीस मिनिटं बसेन. नको असेल तर नुसतं नको म्हण." घंटा वाजवून, कुटुंबासहित, पुण्याला आलोच होतो म्हणून, असं जाऊ नका.

केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तुम्हाला सर्दी असेल, घरात मुलाला ताप असेल तर भेट पुढे ढकला. परफ्यूम आणि अत्तर त्या दिवशी नको. बऱ्याच जणांना कसल्याही उग्र वासानं मळमळतं. गेल्यावर आधी हात धुवा.

खुर्ची ओढून बसा. पलंगाशी उभं राहून बोललात की त्याला मान वर करून बोलावं लागतं आणि तुम्ही निघायच्या तयारीत दिसता. बोलायचं त्याच्याशी. आपल्याकडचं नेहमीचं दृश्य असं: माणूस पलंगावर टक्क जागा आहे, आणि पाहुणे त्याच्या अंगावरून बायकोला विचारतायत, "जेवतात का? झोप लागते का? मोशन होतंय का?" त्यालाच विचारा. नाहीतर काहीच विचारू नका. सोसायटीची मीटिंग कशी वादळी झाली ते सांगा, मॅचवर बोला, ऑफिसातल्या नव्या साहेबांना नावं ठेवा. "आजाराचं बोलायचंय, की आज दुसरं काही?" असं विचारलंत तर बरेच जण हुश्श करून "दुसरं" म्हणतात.

चहा हा स्वतंत्र विषय आहे. सकाळपासून पाहुण्यांसाठी पाच-सहा वेळा आधण ठेवून झालेलं असतं, ती बाई स्वतः जेवलेली नसते, आणि आपण "नको नको" म्हणत कप हातात घेतो. जवळचे असाल तर उठून स्वयंपाकघरात जा, तिला बसवा, तुम्ही करा, कप विसळून ठेवा. तेवढी जवळीक नसेल तर दारातच सांगा, "चहा पिऊन आलोय, खरंच."

फळांचंही तेच. दहा पाहुण्यांची दहा डझन केळी काळी पडत टेबलावर बसतात. नारळपाणी सगळ्यांना चालतंच असंही नाही. त्यात पोटॅशियम बरंच असतं, किडनी अधू असेल तर ते सोसत नाही. काय आणू हे आदल्या दिवशी विचारावं. उत्तर बऱ्याचदा "डायपरचं पॅकेट" किंवा "खालच्या मेडिकलमधून एवढं औषध" असं येतं.

६. 'काही लागलं तर सांग' याच्याऐवजी

हे वाक्य आपण मनापासून म्हणतो आणि त्यावर कुणी कधी फोन करत नाही. मागायची लाज, शिवाय काय मागायचं याचा विचारही त्यांनीच करायचा. मदत वस्तू आणि वार ठरवून सांगा. "मंगळवारी रात्रीचा डबा माझ्याकडून. तिखट चालेल का?"

तिखट बहुधा चालत नाही. केमोनं तोंड आलेलं असतं, चव धातूसारखी लागते, स्टीलचा चमचाही नकोसा होतो. गरमागरम फोडणीच्या वासानं पोट ढवळतं. त्यामुळे मऊ भात, मुगाचं वरण, साजूक तूप, नाचणीचं सत्त्व, शिरा असं सौम्य, कोमट आणि थोडं द्या. मोठं भांडं भरून दिलं की बघूनच जेवण जातं. घरच्यांसाठी मात्र झणझणीत वेगळं पाठवा, ते महिनाभर मऊ भात खाऊन कंटाळलेले असतात. आणि डबे परत मागू नका.

गावाकडून मुंबईला आलेलं कुटुंब असेल तर मदतीची यादी निराळी. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून देशभरातल्या रुग्णांना सामावून घेतंय. नंदुरबारहून, नांदेडहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कुठली खिडकी, कुठला मजला हेच कळत नाही. मुंबईत राहणाऱ्या नातलगानं फक्त पहिल्या दोन दिवसांची रजा काढून सोबत उभं राहावं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. जागा मिळतेच असं नाही, पण चौकशी तुम्ही करा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जायचं. उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे कर्करुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत देते. तिचा फॉर्म हॉस्पिटलात भरून मिळतो. रिपोर्ट तारखेनं लावून एका फाइलमध्ये घालणं, प्रत्येक पानाचा फोटो काढून घरच्या दोघांना पाठवणं, हे एका दुपारचं काम आहे आणि पुढे प्रत्येक डॉक्टर त्यासाठी धन्यवाद देतो.

प्लेटलेटची पिशवी पाच दिवसच टिकते, म्हणून दाते ऐनवेळी शोधावे लागतात. "माझा बी पॉझिटिव्ह, रात्री बाराला फोन आला तरी येईन" हे सांगून ठेवा. पैसे द्यायचे असतील तर रुग्णाच्या हातात, चारचौघांत देऊ नका. बायकोला किंवा भावाला बाजूला घेऊन, "हे परत द्यायचे नाहीत" असं स्पष्ट सांगून द्या. उसने घेतल्याचं ओझं त्यात मिळवायला नको.

सेवा करणाऱ्याला विसरू नका. सुझन सिल्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ साली एक सोपी रीत मांडली. मधोमध रुग्ण, त्याच्याभोवती बायको-मुलं, त्याबाहेर भावंडं-मित्र, मग शेजारी-सहकारी अशी वर्तुळं काढा. आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार न्यायचा. आपलं रडगाणं, भीती, चिडचिड बाहेरच्या वर्तुळाकडे. म्हणजे मित्राच्या आजारानं तुमची झोप उडाली असेल तर ते त्याच्या बायकोला सांगायचं नाही, तुमच्या बहिणीला सांगायचं.

७. उपायांची यादी

लक्ष्मणफळ, गव्हांकुर, गोमूत्र, जंगलात राहणारा आणि पैसे न घेणारा वैद्य. तुमच्याकडे आलेला फॉरवर्ड त्यांच्याकडे आधीच वीस जणांनी पाठवलेला असतो. पाठवू नका. त्यांनीच काही घ्यायचं ठरवलं असेल तर भांडू नका, फक्त "केमोच्या डॉक्टरांना दाखवून घ्या" म्हणा. काही काढे लिव्हरवर ताण आणतात, आणि लिव्हर बिघडलं की केमो थांबते. दुसरं मत मिळवून द्यायची इच्छा असेल तर ते खरं काम आहे. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्याशी जोडलेल्या 'नव्या' या सेवेतून रिपोर्ट पाठवून घरबसल्या तज्ज्ञांचं मत घेता येतं.

लांब राहणाऱ्यांसाठी एवढंच: न्यू जर्सीहून रोज एक लेख पाठवणारा आणि आठवड्याची रजा काढून येऊन डॉक्टरांशी भांडणारा भाऊ होऊ नका. ठरल्या वारी, ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल करा आणि रात्रीच्या अटेंडंटचा पगार भरा.

८. तो स्वतः मरणाबद्दल बोलतो तेव्हा

"मी काही आता फार दिवसांचा नाही." यावर आपलं ठरलेलं उत्तर: "असं अभद्र बोलू नये." त्यानं धीर करून दार उघडलेलं असतं आणि आपण ते लावतो. त्यापेक्षा, "कशाची जास्त काळजी वाटते?" असं विचारा. मरणाची, असं उत्तर फार थोडे देतात. दुखण्याची वाटते, अंथरुणात सगळं होईल याची वाटते, धाकटीच्या शिक्षणाची वाटते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर काही ना काही करता येतं.

"काय करायचं राहिलंय?" हेही विचारा. गणपतीला गावी जायचं असतं. मग डॉक्टरांना दोन केमोंमधले बरे दिवस विचारायचे, खालचा बर्थ बघायचा, औषधांचा आणि रिपोर्टचा एक संच सोबत, आणि चिपळूणला किंवा कुडाळला अडीअडचणीला जाण्याजोगा डॉक्टर आधीच ठरवायचा. ठरवलं की जमतं.

दुखण्याबद्दल स्पष्ट लिहिते. तोंडानं घ्यायची मॉर्फिन स्वस्त आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेवर चांगली लागू पडते. "सवय लागेल", "म्हणजे शेवट आला" असं म्हणून घरचे ती देत नाहीत आणि माणूस रात्रभर कण्हतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ती मिळणं फार किचकट होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट थोडी सोपी केली, पण ती अजूनही मान्यताप्राप्त हॉस्पिटल-केंद्रांतूनच मिळते. म्हणून पॅलिएटिव्ह केअरवाल्यांशी, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सशी, लवकर गाठ घालून द्या. "आता त्यांच्याकडे पाठवलं म्हणजे सोडून दिलं" हा गैरसमज डॉक्टरांच्या घरांतही भेटतो. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांना सुरुवातीपासून उपचारांच्या जोडीला ही सेवा मिळाली त्यांचे दिवस जास्त बरे गेले, आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगलेही.

मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. टाटाचा स्वतःचा पॅलिएटिव्ह विभाग आहे.

कागदपत्रांचा विषय त्यानं काढला तरच बोला, किंवा एकदाच, हलक्या आवाजात, "कागदांचं काही बघायचंय का?" असं विचारा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे बऱ्याच घरांत नंतरच कळतं. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको असं त्याला वाटत असेल तर तसं लिहून ठेवता येतं. केईएममध्ये वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ ला सुरू झालेली ही वाट सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रुंद केली आणि २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

"मला हे संपवूनच टाकायचंय" असं तो म्हणाला तर विषय बदलू नका. थेट विचारा, आत्महत्येचा विचार येतो का. येत असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पुष्कळदा न आवरलेलं दुखणंच या बोलण्यामागे असतं.

९. तिसरा महिना

पहिल्या पंधरवड्यात घरात बसायला जागा नसते. तिसऱ्या महिन्यात फोन वाजत नाही. तुम्हाला एकच गोष्ट जमणार असेल तर ती तेव्हा करा. मोबाइलमध्ये दर दुसऱ्या रविवारची आठवण लावून ठेवा. "कसा आहेस?" या प्रश्नाचं उत्तर देणं त्याला जड जातं. "आज ऑफिसच्या कँटीनला मिसळ होती, तुझी आठवण आली" याला उत्तर दिलं नाही तरी चालतं.

आणि मधे फोन करायचा राहूनच गेला असेल, तर लाजेखातर आणखी महिना घालवू नका. कारणं देत बसू नका. "काय बोलावं कळत नव्हतं म्हणून फोन टाळला. शनिवारी येऊ का?" एवढं पाठवा. नाराज झालेली माणसंही बहुधा "ये" म्हणतात.

१०. शेवटचे दिवस घरी असतील तर

जेवण सुटतं, पाणीही. इथे सगळ्यात जास्त त्रास प्रेमानं दिला जातो. झापडीत असलेल्या माणसाच्या तोंडात मोसंबीचा रस घातला की तो श्वासनलिकेत जातो. कापसाचा बोळा ओला करून ओठ पुसा. गंगाजल द्यायचं असेल तर थेंब ओठाला लावा, चमचा नको. उत्तर देत नसला तरी त्याला ऐकू येतंय असं धरूनच वागा. खोलीत जमिनीच्या वाटणीचं बोलू नका. जवळ बसा, नाव घेऊन बोला, "मी आलेय" म्हणा.

एक काम बाहेरच्या माणसानंच करावं, घरच्यांना ते सुचत नाही. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना ४-अ. तो नसेल तर स्मशानभूमीतल्या नोंदीलाच अडतं. ज्यांनी रुग्णाला अलीकडे पाहिलेलंच नाही असे डॉक्टर सहीला नकार देतात, आणि मग रात्री दोन वाजता शोधाशोध सुरू होते. म्हणून फॅमिली डॉक्टरांना आधीच एकदा घरी बोलावून तपासायला लावा, फाइल दाखवा, "वेळ आली तर तुम्ही दाखला द्याल ना?" हे विचारून घ्या. रात्री न उचलणारे असतील तर दुसरे डॉक्टर ठरवा. नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि रात्री जागणाऱ्या अटेंडंटला दाखवून ठेवा.